नेटची जोडणी शेवटच्या खोलीत तपासून घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मृग लागला की ‘घरात नेट टिकत नाही’ अशी ओरड बेळगाव जिल्ह्यात खानापूर-जांबोटीपासून निपाणीपर्यंत सुरू होते. त्यातली काही रास्तच असते. खांबावरून तुटून लोंबणाऱ्या केबलीला घरमालक काय करणार? पण बरीचशी दुखणी उंबऱ्याच्या आतली असतात. जोडणीला आलेला मुलगा दाराशी केबल आत घेतो, तिथेच खिळा ठोकून वाय-फायचा डबा (राउटर) टांगतो, डब्याशेजारी उभे राहून आपल्या फोनवर वेग दाखवतो, सही घेतो आणि पुढच्या घरी पळतो. त्यालाही दिवसात चार घरे उरकायची असतात. पण डब्यापासून तीन फुटांवर दिसलेल्या वेगाचा माजघरातल्या प्रिंटरला किंवा माडीवर अभ्यास करणाऱ्या मुलीला काही उपयोग नाही. सही करण्याआधी घरातल्या सर्वांत लांबच्या खोलीत व्हिडिओ कॉल लावून पाहावा. तो पाच मिनिटे टिकला, तर जोडणी झाली म्हणायची.

नेट बंद पडल्यावर आधी दोष कुठला ते ओळखावे. फायबरच्या (प्रकाश वाहणाऱ्या काचेच्या धाग्याच्या) डब्यावर ‘लॉस’ नावाचा दिवा लाल झाला असेल तर बाहेरून प्रकाश येत नाही. मग घरात काहीही खुडबुड करू नये, तक्रार नोंदवावी. दाराच्या फटीत केबल चेपली आहे का, खिळ्याभोवती तिचे दोन इंचांहून लहान वेटोळे घातले आहे का, एवढे मात्र पाहावे. फायबर अशी मुडपली की प्रकाश वाटेतच गळतो. ‘लॉस’ विझलेला आहे, कंपनीशी जोडणी दाखवणारा ‘पॉन’चा हिरवा दिवा स्थिर आहे आणि तरीही नेट नाही, अशा वेळी फोनच्या ब्राउझरमध्ये डब्याचा पत्ता उघडावा. तो खालच्या चिठ्ठीवर छापलेला असतो, बहुधा 192.168.1.1 किंवा 192.168.0.1. पान झटकन उघडले तर घरातले वाय-फाय ठणठणीत आहे, घोटाळा लॉगिनमध्ये किंवा पुढे कंपनीकडे आहे. पान रखडले किंवा उघडलेच नाही, तर दोष वाय-फायचा. याच पानावर ‘आरएक्स पॉवर’ म्हणून एक आकडा असतो, डब्यापर्यंत किती प्रकाश पोचतो ते सांगणारा. तो उणे 8 ते उणे 27 डीबीएमच्या दरम्यान हवा. उणे 28, 29 दिसत असेल तर तक्रार करताना तो आकडाच सांगावा. ‘नेट स्लो आहे’ म्हणण्यापेक्षा त्याची दखल लवकर घेतली जाते.

आता डब्याची जागा. आपल्याकडची जुनी घरे जांभ्याची, भिंत फूट-दीड फूट जाडीची. जांभा सच्छिद्र, पावसाळाभर ओल धरून बसतो आणि पाणी रेडिओ लहरी शोषते. त्यामुळे उन्हाळ्यात परसदारापर्यंत पोचणारे वाय-फाय आषाढात माजघरातच दम तोडते. लहर उघड्या दारातून सहज जाते, भिंतीतून नाही. म्हणून डबा मधल्या खोलीत, दारांच्या ओळीत, माणसाच्या डोक्याच्या उंचीवर ठेवावा. त्यासाठी फायबर आणखी 10 मीटर आत ओढावी लागली तरी मागे हटू नये. लोखंडी कपाटावर, टीव्हीच्या मागे, फ्रिजशेजारी किंवा देव्हाऱ्यातल्या मोठ्या आरशामागे डबा ठेवणे म्हणजे त्याचे तोंड बांधणे. अँटेना उभ्या असल्या की लहर आडवी पसरते. माडीवर पोचवायची असेल तर दोनपैकी एक आडवी करावी. कौलारू माडीला एवढ्याने भागते. सळ्या घातलेल्या स्लॅबपुढे हा उपाय तोकडा पडतो, तिथे वर दुसरा डबाच लागतो.

फोनवर वाय-फायच्या नुसत्या दांड्या मोजू नयेत. वाय-फाय ॲनालायझर प्रकारचे एखादे फुकट ॲप घेऊन प्रत्येक खोलीतला सिग्नलचा आकडा (डीबीएममध्ये) पाहावा. उणे 50 म्हणजे उत्तम, उणे 67 पर्यंत व्हिडिओ कॉल चालतो, उणे 75 च्या खाली उपकरणे गळू लागतात.

हल्लीच्या बहुतेक डब्यांत दोन पट्टे असतात, 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ. पहिला लांब जातो पण गर्दीचा, दुसरा वेगवान पण भिंतीला हरणारा. कंपनी दोन्हींना एकच नाव देऊन पाठवते आणि कोणते उपकरण कुठे बसवायचे ते डबाच ठरवतो. फोनला हे चालते. स्मार्ट बल्ब, स्विच, स्वस्त कॅमेरे आणि बरेच प्रिंटर मात्र फक्त 2.4 ओळखतात. फोन 5 वर बसलेला असताना ते जोडू गेले की त्यांचे ॲप ‘उपकरण सापडत नाही’ म्हणते आणि दुकानदाराला विनाकारण शिव्या बसतात. ‘बँड स्टीअरिंग’ किंवा ‘स्मार्ट कनेक्ट’ बंद करून दोन पट्ट्यांना दोन नावे द्यावीत, की हा प्रश्न मिटला. फोन, लॅपटॉप आणि टीव्ही 5 वर, बाकी सारे 2.4 वर.

2.4 चा चॅनेल (पट्ट्यातली आपली वाट) ‘ऑटो’वर सोडू नये. रुंदी 20 मेगाहर्ट्झ ठेवून 1, 6 किंवा 11 यांपैकी शेजारपाजारी सर्वांत कमी गजबजलेला चॅनेल कायम करावा. हे तीनच एकमेकांवर चढत नाहीत. 3 किंवा 4 धरला तर 1 आणि 6 दोन्हीकडचा गोंगाट पदरात पडतो. ‘ऑटो’ने आपल्याकडे आणखी एक गंमत होते. बरेच स्वस्त डबे चॅनेल फक्त सुरू होताना निवडतात. बेळगावात शहापूर-वडगावच्या भिंतीला भिंत लागलेल्या गल्लीत लाईट जाऊन आली की गल्लीतले सगळे डबे एकाच वेळी जागे होतात, प्रत्येकाला मैदान मोकळे दिसते आणि सगळे एकाच चॅनेलवर येऊन बसण्याची शक्यता असते. मग ‘लाईट आल्यापासून नेट चालत नाही’. ‘ऑटो’ने 12 किंवा 13 धरला, तर बाहेरदेशातून आणलेल्या काही उपकरणांना ते नेटवर्क दिसतच नाही. 5 गिगाहर्ट्झवर 36 ते 48 किंवा 149 ते 161 यांतला चॅनेल घ्यावा. मधले 52 ते 144 रडारसोबत वाटून घेतलेले आहेत. तिथे डब्याला आधी किमान एक मिनिट कानोसा घ्यावा लागतो आणि रडारची चाहूल लागली की तडक जागा सोडावी लागते, घरातला कॉल चालू असो वा नसो.

नावाविषयीही सांगायला हवे. नेटवर्कला मराठीत नाव देणारी घरे आपल्याकडे बरीच आहेत आणि ते पाहून बरे वाटते. पण नावाला 32 बाइटचीच जागा असते. देवनागरीतले अक्षर, काना, मात्रा, अनुस्वार, पाय मोडायचे चिन्ह या प्रत्येकाला 3 बाइट लागतात. ‘मातृछाया’ 24 मध्ये बसते, ‘श्री गणेश कृपा’ 38 वर जाऊन अर्धवट कापले जाते किंवा डबा ते स्वीकारतच नाही. शिवाय जुन्या प्रिंटरच्या चिमुकल्या पडद्यावर देवनागरीच्या जागी चौकोन उमटतात. तेव्हा मराठी नाव 5 च्या पट्ट्याला द्यावे, 2.4 ला साधी इंग्रजी अक्षरे ठेवावीत. पासवर्ड इंग्रजी अक्षरे-आकड्यांतच लागतो, 8 ते 63 चिन्हांचा.

सुरक्षेच्या रकान्यात ‘डब्ल्यूपीए2-पीएसके’ आणि ‘एईएस’ निवडावे. ‘टीकेआयपी’ ही जुनी पद्धत राहिली तर वेग 54 मेगाबिटच्या वर जात नाही आणि कुलूपही कच्चे. फक्त ‘डब्ल्यूपीए3’ ठेवले तर जुनी उपकरणे दारातच अडतात. डब्ल्यूपीएस (पासवर्डाऐवजी बटण दाबून जोडण्याची सोय) बंद, बाहेरून डब्यात शिरण्याची सोय बंद आणि डब्याचा ‘ॲडमिन’ हा मूळ पासवर्ड बदललेला, एवढे केले की पुरे.

सर्वांत जास्त घोळ दुसऱ्या डब्याचा. माडीवर नेट पोचत नाही म्हणून लोक दुकानातून राउटर आणतात आणि खालची केबल त्याच्या ‘वॅन’ (बाहेरचे नेट आत घेण्याच्या) भोकात घालतात. नेट चालते, पण घराची दोन वेगळी नेटवर्क होतात. खालच्या फोनला वरचा प्रिंटर दिसत नाही. त्यातून दोन्ही डब्यांचा पत्ता 192.168.1.1 असेल तर वर बहुधा काहीच चालत नाही. काही जण ‘लॅन’मधून (घरातली उपकरणे जोडायच्या भोकातून) ‘लॅन’मध्ये केबल घालतात, ते बरोबर आहे, पण दोन्ही डबे उपकरणांना पत्ते वाटत राहतात. ज्याला खालच्याने पत्ता दिला त्याचे नेट चालते, ज्याला वरच्याने दिला तो वाय-फायशी जोडलेला दिसूनही कोरडाच. आज टीव्ही, उद्या आईचा फोन, असा दोष घरभर फिरतो आणि कुणाला उमगत नाही.

उपाय सोपा आहे. नवा राउटर आधी एकटाच लॅपटॉपला जोडावा. त्याच्यात ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ (पत्ते न वाटता फक्त वाय-फाय देण्याची सोय) असेल तर तो निवडावा. नसेल तर त्याचा पत्ता 192.168.1.2 करावा, डीएचसीपी (पत्ते वाटण्याचे काम) बंद करावे, मग खालच्या डब्याच्या ‘लॅन’मधून वरच्याच्या ‘लॅन’मध्ये केबल घालावी आणि ‘वॅन’चे भोक रिकामे सोडावे. (खालचा 192.168.0.1 असेल तर वरचा 192.168.0.2.) दोन्हीकडे नाव आणि पासवर्ड तेच ठेवावे, चॅनेल मात्र वेगळे, खाली 1 तर वर 11. केबल अस्सल तांब्याची, कॅट 5ई किंवा कॅट 6 घ्यावी. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्तात मिळते; ती वळवताना तुटते आणि लांब अंतरावर दगा देते. टोके काढताना दोन्हीकडे एकच क्रम हवा: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. 200 मेगाबिटचा प्लॅन असूनही वेग 94 च्या आसपास अडकत असेल तर एखादी तार नीट बसलेली नाही किंवा ते भोकच 100 चे आहे. भिंतीत खोचायचे रिपीटर शक्यतो टाळावेत. एकाच पट्ट्यावर ऐकणे आणि बोलणे दोन्ही करायचे असल्याने वेग निम्म्यावर येतो. घ्यायचाच असेल तर सिग्नल मेलेल्या खोलीत लावू नये, वाटेत, आकडा उणे 65 च्या आसपास असेल तिथे लावावा.

प्रिंटर आज चालतो, उद्या ‘ऑफलाइन’ दाखवतो, यामागे बहुधा बदललेला पत्ता असतो. डीएचसीपीच्या पानावर वाटपाची हद्द 192.168.1.100 ते 199 अशी ठेवावी, मुदत 24 तास करावी आणि प्रिंटर, कॅमेऱ्याचा डीव्हीआर, टीव्ही यांना ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’मध्ये कायमचे पत्ते नेमून द्यावेत. हे उपकरणाच्या मॅक क्रमांकावरून, म्हणजे त्याच्या कारखान्यातल्या ओळख क्रमांकावरून, होते. फोन मात्र खरा मॅक लपवून बनावट दाखवतात, अँड्रॉइड 10 आणि आयओएस 14 पासून. त्यांच्यासाठी पत्ता राखायचा तर फोनमध्ये घरच्या नेटवर्कपुरता खरा मॅक चालू करावा लागतो. प्रिंटर पाहुण्यांसाठीच्या ‘गेस्ट’ नेटवर्कवर चढवू नये. तिथली उपकरणे मुद्दाम एकमेकांपासून तोडलेली असतात.

विजेचे थोडक्यात. इन्व्हर्टर असूनही लाईट जाताना डबा बंद होऊन परत सुरू होत असेल तर इन्व्हर्टरच्या मागचा खटका ‘नॉर्मल’वरून ‘यूपीएस’वर न्यावा, बदल अधिक झटपट होतो. पण ज्या गावात व्होल्टेज पडते तिथे याच खटक्याने इन्व्हर्टर वारंवार बॅटरीवर जातो. तिथे डब्यापुरता 12 व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस बरा. ॲडॉप्टरवरचे व्होल्ट तंतोतंत तेवढेच, अँपिअर तेवढे किंवा जास्त, आणि पिनेचे अधिक-उणे जुळलेले हवे. फायबरचा डबा आणि राउटर वेगवेगळे असतील तर दोन्हींना आधार द्यावा, एकाला देऊन उपयोग नाही. कडकडाट सुरू झाला की ॲडॉप्टर सॉकेटमधून उपसावा आणि गच्चीवरून आलेली तांब्याची लॅन केबलही काढावी. काचेच्या धाग्यातून वीज येत नाही, या दोन वाटांनी येते.

आणि डब्याच्या बारीक भोकात टाचणी खुपसू नये. तो ‘रिसेट’ आहे, ‘रिस्टार्ट’ नव्हे. दहा सेकंदांत पीपीपीओईचे (कंपनीच्या लॉगिनचे) नाव, पासवर्ड, व्हीलॅनचा (कंपनीच्या जाळ्यातल्या आपल्या वाटेचा) क्रमांक सगळे पुसले जाते आणि माणूस येईपर्यंत घर नेटविना राहते. इथे माझी जोडणी देणाऱ्यांना विनंती आहे की हे तीन तपशील, तसेच डब्याचा बदललेला पासवर्ड, ग्राहकाला लिहून द्यावेत. ‘ते द्यायचे नसते’ हे उत्तर पटत नाही. विजेच्या जोडणीचा आरआर नंबर (ग्राहक क्रमांक) दर बिलावर छापून येतो, मग नेटच्या खात्याचे नाव ग्राहकापासून कशाला लपवायचे? ग्राहकांनीही तो कागद हातात पडल्याशिवाय सही करू नये. डब्याच्या पाठीवर तो चिकटवू नये, उष्णतेने डिंक सुटतो. लाईटबिलांच्या फाईलीत लावून ठेवावा.

आपला,
एक वाचक (नेटवर्क तंत्रज्ञ),
टिळकवाडी, बेळगाव