गुरुवारी सकाळी अकराला घरी कोण असतं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या वर्षी जूनमध्ये आमच्या सोसायटीच्या ऑफिसात पावसाळी आजारांवर माहितीचा कार्यक्रम झाला. वार गुरुवार, वेळ सकाळी अकराची. आम्ही नऊ जण जमलो होतो, सगळे पेन्शनवाले नाहीतर नातवंडं सांभाळणारे. आलेल्या तरुण डॉक्टर मुलीने फार मनापासून समजावलं. उंदीर, कुत्री, गुरं यांच्या लघवीतून लेप्टोचे, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या आजाराचे, जंतू साचलेल्या पाण्यात येतात आणि पायाला बारीकशी चीर असली तरी तेवढ्या वाटेने अंगात शिरतात. म्हणून अशा पाण्यातून चालून आलं की २४ ते ७२ तासांच्या आत दवाखान्यात जायचं आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने डॉक्सिसायक्लिनची गोळी घ्यायची. गरोदर बायका आणि लहान मुलांसाठी औषध वेगळं. आम्ही प्रश्न विचारले, चहा घेतला, पत्रकं घेऊन घरी आलो. त्या नऊ जणांपैकी एकालाही अख्ख्या पावसाळ्यात गुडघाभर पाण्यातून जायची गरज पडली नाही.

ज्याला पडली तो आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. माझा जुना विद्यार्थी. दुचाकीवरून पार्सलं पोहोचवतो, सकाळी नऊला निघतो तो रात्री साडेनवाला परततो. जुलैतल्या एका संध्याकाळी पाणी भरलं तेव्हा त्याने बंद पडलेली गाडी ढकलत घरी आणली. टाचांना भेगा होत्याच. आठ-दहा दिवसांनी ताप भरला. मेडिकलमधून गोळ्या आणल्या, दोन दिवस तशाच ढकलले. मग पोटऱ्या अशा दुखायला लागल्या की जिना उतरवेना, डोळे लाल झाले. लघवी कमी झाली तेव्हा कुठे घरचे घाबरले. मूत्रपिंडावर परिणाम झालेला होता, डायलिसिस करावं लागलं. पोरगा वाचला, पण सव्वा महिना काम बंद आणि काम बंद म्हणजे पैसे बंद.

त्याची आई मला म्हणाली, "बाई, अशी गोळी असते हे आम्हाला कुणी आधी सांगितलं असतं तर?" मला माहीत होतं. पत्रक माझ्याच कपाटात होतं. पाणी भरलं त्या रात्री तिसऱ्या मजल्यावर जाऊन दोन वाक्यं सांगावीत, हे मला सुचलं नाही. ही बोच अजून गेलेली नाही.

मुंबईत आरोग्याची माहिती नाही असं नाही. ती भरपूर आहे आणि चांगली आहे. पण ती ज्या वेळी दिली जाते त्या वेळी ज्याला तिची गरज आहे तो लोकलमध्ये, कारखान्यात, कुणाच्या तरी घरी धुणीभांडी करत असतो. २०२२ पासून शहरात पालिकेचे 'आपला दवाखाना' सुरू झाले, तेव्हा कामावरून परतणाऱ्यांचा विचार करूनच त्यांची वेळ रात्री दहापर्यंत ठेवली गेली. उपचारांच्या बाबतीत जे उमगलं ते जनजागृतीच्या बाबतीत का उमगू नये? शिबिरं आणि व्याख्यानं रात्री साडेआठनंतर किंवा रविवारी ठेवा. रिक्षा स्टँडवर, नाक्यावर, रात्रशाळेत जा. आणि गणेशोत्सव तर ऐन डेंग्यू-मलेरियाच्या दिवसांत येतो. रात्रीच्या आरतीला सगळी चाळ, सगळी इमारत एका जागी उभी असते. प्रसाद वाटायच्या आधी पाच मिनिटं मिळाली तरी पुरे. डासाच्या अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठवडा लागतो, म्हणून फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालची बशी, छपरावरची ताडपत्री आठवड्यातून एकदा कोरडी करायची. हे सांगायला स्लाइड शो लागत नाही.

मात्र प्रत्येक गोष्ट मंडपात सांगता येत नाही. क्षयरोगाचं बघा. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर थुंकी तपासा, हे माइकवरून सांगता येईल. पण ज्याच्या घरात टीबी आहे तो त्या गर्दीत हात वर करणार नाही. मुलीचं लग्न मोडेल, घरमालक खोली सोडायला सांगेल, ही भीती आमच्या वस्त्यांत खरी आहे. दोन महिन्यांत बरं वाटतं आणि माणूस सहा महिन्यांच्या गोळ्या मध्येच सोडतो. त्याला परत वळवायला कुणीतरी दारात यावं लागतं, आत बसून हळू आवाजात बोलावं लागतं. पोषणासाठी सरकारकडून महिन्याला मिळणारी रक्कम ५०० रुपयांवरून १००० रुपये झाली आहे, हेही कित्येक घरांना अशा दारातल्या बोलण्यातूनच कळतं. हे काम आपल्या आरोग्यसेविका वर्षानुवर्षं मानधनावर करत आहेत. आमच्या भागातल्या ताईंना कुठल्या घरात कुणाला दिवस गेलेत, कुणाची लस राहिलीय, कुणाची सासू बीपीची गोळी टाळते, सगळं ठाऊक असतं. पण त्यांच्या पिशवीत दर वर्षी नवा फॉर्म वाढतो आणि बोलायला उरणारा वेळ घटतो. पालिकेने आधी त्यांचा हा कागदी भार हलका करावा आणि संध्याकाळच्या फेरीचे वेगळे पैसे द्यावेत.

ओळखीच्या माणसाच्या शब्दाला किती वजन असतं, हे या शहराने दोन टोकांना अनुभवलं आहे. १८९६ साली मांडवीत प्लेग आला तेव्हा घरात शिरून रोगी उचलून नेण्यावर भर होता. दवाखान्यात नेलेला माणूस परत येत नाही अशी दहशत इतकी पसरली की त्याच ऑक्टोबरात गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. २०२० मध्ये धारावीत करोना शिरला तेव्हा वस्तीतल्याच खासगी डॉक्टरांना सोबत घेऊन गल्लोगल्ली ताप तपासला गेला. ज्या डॉक्टरने लहानपणापासून औषध दिलं, त्याने सांगितल्यावर लोक विलगीकरणात जायला तयार झाले. तीच पद्धत साथ नसतानाही चालू का राहू नये, हे मला खरंच कळत नाही.

आमच्या सोसायटीपुरतं आम्ही एक ठरवलं आहे. ज्या दिवशी रस्त्यावर पाणी भरेल त्या रात्री प्रत्येक मजल्यावरचा एक जण दारं वाजवून विचारेल, "आज पाण्यातून कोण आलं?" जो आला असेल त्याला दुसऱ्या दिवशी दवाखान्यात धाडायचं, गरज पडली तर सोबत जायचं. तिसऱ्या मजल्याची जबाबदारी त्या मुलाने स्वतःहून घेतली आहे.

आणि आपल्याकडे एक विनंती. मुंबई तुंबली की दुसऱ्या दिवशी आपल्या पहिल्या पानावर पाणी भरलेल्या ठिकाणांची यादी आणि लोकलचा उशीर छापला जातो. त्याच पानावर एक छोटी चौकट द्यावी: 'काल पाण्यातून चाललात का? ७२ तासांच्या आत जवळच्या दवाखान्यात जा.' अंक सकाळी सहाला स्टॉलवर येतो, कामावर निघालेला माणूस तो उभ्या उभ्या वाचतो. आमच्या गुरुवारच्या अकराच्या कार्यक्रमाला तो येऊ शकत नाही.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका
नेहरूनगर, कुर्ला (पूर्व), मुंबई