बाबा, मी खेळत नाही

क्योटो,
महालक्ष्म्या उठल्याच्या दुसऱ्या दिवशी

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

मी मजेत आहे. वजन कमी झालेलं नाही. कॉलवर चेहरा उतरलेला दिसतो तो खोलीतल्या ट्यूबलाइटमुळे. टीव्हीवर जपानचा भूकंप दाखवला की आईने लगेच देव पाण्यात ठेवू नये. देश लांबलचक आहे, नागपुरात पाऊस पडला म्हणून मुंबईची लोकल थांबत नाही. जेवण वेळेवर करतो. 'अजून जागाच का' म्हणता, पण तुमच्याकडे साडेआठ वाजतात तेव्हा माझ्याकडे बारा असतात, आणि फोन तुम्हीच केलेला असतो नं!

महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या वेळी फोन उचलला नाही, वाईट वाटून घेऊ नका. मीटिंग होती. मोनूच्या फोटोत मुखवटे पाहिले. थोरलीची नथ यंदा बदलली काय? आंबील तेवढी फोटोतून प्यायला येत नाही.

मोनू, हे पत्र प्रिंट काढून बाबांच्या हातात दे. मोबाइलवर ते दोन ओळी वाचून 'बरं बरं' म्हणतात.

बाबा, गल्लीतल्या काकांनी 'पंकज काय करतो तिकडे' विचारलं तेव्हा तुम्ही 'कम्प्युटरमध्ये आहे' म्हणालात आणि पेट्रोलच्या भावावर गेलात, असं आईकडून कळलं. राग नाही आला. पण पोराला गेम खेळायचा पगार मिळतो हे सांगायला जड जात असेल, तर एक सांगतो. मी खेळत नाही, तपासतो. मागच्या महिन्यात तीन दिवस मी गेममधल्या एका पोराला भिंतीला घासत चालवलं, कुठे फट राहिली का पाहायला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सापडली. जिन्याच्या सातव्या पायरीवर छत्री उघडली आणि त्याच क्षणी सामानाची थैली उघडली, की तो जमिनीतून खाली जातो आणि पडतच राहतो. चाळीसदा केलं तर एकदा होतं. मग ते पुन्हा चाळीसदा करायचं, व्हिडिओ काढायचा, जपानीत लिहून द्यायचं. तुम्ही अजनीच्या रेल्वे शेडमध्ये हातोडी मारून आवाजावरून सैल बोल्ट ओळखायचे. तेच आहे हे, फक्त हाताला ग्रीस लागत नाही.

आणि हे खेळ आतून कसे बनलेत ते कळलं तर सगळ्यात जास्त तुम्हालाच आवडेल. सगळा जुगाड आहे.

१९७८ चा 'स्पेस इन्व्हेडर्स' घ्या. तोमोहिरो निशिकादो नावाच्या माणसाने बनवला. वरून ५५ शत्रू रांगेत सरकत खाली येतात, आपण एकेक टिपायचा. मशीन इतकं कमजोर होतं की सगळे ५५ पडद्यावर काढता काढता त्याला धाप लागायची, म्हणून ते हळू सरकायचे. शत्रू मेले तसं ओझं कमी झालं आणि उरलेले पळायला लागले. कोराडीला कोळसा उतरवून निघालेली रिकामी रेक कशी पळते, तसं. निशिकादोने ते दुरुस्त केलंच नाही. शेवटचा शत्रू सुसाट येतो म्हणूनच तर खेळणाऱ्याला घाम फुटतो. आज सगळे म्हणतात, खेळ हळूहळू कठीण होत जायची ती सुरुवात. दोष होता, राहू दिला.

अजून एक, ही खास तुमच्यासाठी. 'फॉलआउट ३' म्हणून अमेरिकन गेम आहे. २००९ मध्ये त्याची पुरवणी निघाली, त्यात मेट्रोत बसून जायचं होतं. पण त्यांच्याकडे गाडी चालवायची सोयच नव्हती, माणसं तेवढी चालायची. मग काय केलं असेल? रेल्वेचा डबा चिलखत म्हणून माणसाच्या अंगावर चढवला. खेळणाऱ्याला वाटतं मी डब्यात बसलो. खरं म्हणजे त्याने डबा घातलेला असतो. लोक गमतीने त्याला टोपी म्हणतात. शेडमधल्या जुन्या दोस्तांना सांगा, इंजिनाशिवाय गाडी धावते.

सुशांतदादाने ग्रुपवर टाकलेला तो गांधीजींचा मेसेज मात्र पुढे पाठवू नका. तुम्ही चिडलात ते बरोबरच होतं, सेवाग्रामपासून तासा-दीड तासावर राहणारा माणूस चिडणारच. गोष्ट अशी फिरते, की १९९१ च्या 'सिव्हिलायझेशन'मध्ये गांधीजींचा आक्रमकपणा १ ठेवला होता, लोकशाही आल्यावर त्यातून २ वजा झाले, कम्प्युटरला शून्याखालचा आकडा कळेना, तो उलटा फिरून २५५ झाला आणि गांधीजी अणुबॉम्ब टाकायला लागले. ऐकायला छान आहे. पण गेम बनवणाऱ्या सिड मायरने स्वतः २०२० मध्ये सांगितलं की असा दोष नव्हताच. २०१० च्या पाचव्या भागात मात्र त्यांच्या नावावर बॉम्बची आवड मुद्दाम वाढवून ठेवली, गंमत म्हणून. म्हणजे दोष खोटा आणि थट्टा खरी. मला स्वतःला ती थट्टा आवडत नाही, पण इथे जेवणाच्या टेबलावर मी हसलो, हेही लिहून टाकतो.

आई, तुला कंटाळा आला असेल. तुझ्यासाठी मारिओ. तोच, सीताबर्डीवरून आणलेल्या टीव्ही गेमवरचा, ज्याची कॅसेट मी फुंकून लावायचो आणि ज्याचा अडॅप्टर बाबांनी दहावीच्या वर्षी कुलपात टाकला. त्यातले ढग आणि खाली उगवलेली झुडपं एकच चित्र आहे. ढगाला पांढरा रंग, झुडपाला हिरवा. जागा नव्हती म्हणून. एकाच साडीतून तू उशीचे अभ्रे आणि मोनूचा फ्रॉक काढायचीस, कोणाला पत्ता लागायचा नाही. त्याला मिशी दिली तीही तोंड काढायला ठिपके पुरत नव्हते म्हणून, आणि केस हलताना दाखवता येईना म्हणून टोपी. १९८५ चा तो अख्खा खेळ ४० किलोबाइटचा आहे. तू अमरावतीच्या मुलीचा बायोडाटा पाठवला, त्यातला फोटो २ एमबीचा होता. त्या एका फोटोत पन्नास मारिओ मावतात. (फोटो पाहिला. त्याबद्दल खाली.)

मोनू, तुझ्या पोकेमॉन गेममधला तो म्यू नावाचा प्राणी. पहिला गेम १९९६ चा. कार्ट्रिज खचाखच भरलं होतं. शेवटी तपासणीसाठीची सोय काढली तेव्हा फक्त ३०० बाइट जागा सुटली, तेवढ्यात शिगेकी मोरिमोतोने म्यू कोंबला. तपासणी संपल्यावर कोणी काही कोंबू नये असा नियम असतो. आमच्या टीममध्ये कोणी असं केलं तर मी रडेन. तू त्याच म्यूसाठी आठवडाभर जेवली नव्हतीस.

कठीण खेळ बनवणाऱ्यालाही कठीणच जातो. १९८६ मध्ये 'ग्रेडियस' घरच्या मशीनसाठी तयार करताना काझुहिसा हाशिमोतोला तो स्वतःलाच पार करता येईना. तपासायचा कसा? त्याने चोरवाट ठेवली, बटणं ओळीने दाबायची: वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए. की सगळी शस्त्रं हातात. ती काढायची राहूनच गेली आणि आता जगभर पोरांना पाठ आहे. बाबा, एक गोष्ट काढायची राहिली म्हणून माणसाचं नाव राहिलं. आमच्या कामात राहिलं तर बोलणी बसतात.

बरं, इथल्या एका पद्धतीबद्दल लिहायचंच आहे, कारण फोनवर सांगितलं तेव्हा आई म्हणाली 'काहीतरीच'. ओमियागे. सुट्टीवरून परत आलं की ऑफिससाठी त्या गावचा खाऊ आणायचाच. आपण आणतो तसा नाही. आपण डबा उघडतो, 'घ्या हो' म्हणतो, ज्याला पाहिजे तो दोन घेतो. इथे डोकी मोजायची. स्टेशनवर खोके मिळतात, ८ नगांचे, १२ नगांचे, २४ नगांचे. प्रत्येक नग वेगळ्या कागदात. एकाला एक. वर चिठ्ठी लावायची की कुठून आणलं. आणि देताना आनंदाने नाही द्यायचं, अपराध्यासारखं द्यायचं, कारण तुम्ही सुट्टी घेतली आणि बाकीच्यांनी तुमचं काम केलं. दोन दिवस टोकियोला गेला तरी हेच. एकजण विसरला, तर त्याने गाडीतून उतरल्यावर क्योटो स्टेशनवरूनच दुसऱ्या गावचा खाऊ घेतला. मिळतो तसाही!

फेब्रुवारीत मी संत्रा बर्फी आणली होती, आठवते नं? दोन किलो. प्रिंटरजवळच्या टेबलावर उघडी ठेवली. दुपारपर्यंत एकाने हात लावला नाही. सगळे येऊन पाहायचे, मान हलवायचे, जायचे. मला वाटलं भारतातलं म्हणून घाबरून राहिले. चार वाजता माझ्या शेजारची बाई उठली, खालच्या दुकानातून कागदी वाट्या घेऊन आली, एकेका वाटीत एकेक तुकडा ठेवला आणि सुबक अक्षरात चिठ्ठी लिहिली: 'इंडिया, नागपूर. संत्रं आणि दूध. पंकजसान.' वीस मिनिटांत बत्तीस वाट्या रिकाम्या. म्हणजे बर्फीत काही कमी नव्हतं. आपला वाटा किती हे माहीत नसताना कोणी घ्यायचं कसं, एवढंच.

आता हिशोब. या महिन्यात १,२०,००० पाठवले आहेत. त्यातले चाळीस घराच्या हप्त्याचे, बाकीचे लॉनच्या बुकिंगला. आंदणाच्या भांड्यांचं आईने लगेच ठरवू नये, दिवाळीनंतर पुन्हा पाठवतो. बाबा, 'लागत नाहीत' म्हणू नका. लागतात. माझं इथे भागतं, मी सायकलनेच जातो आणि कोणाच्या सांगण्यावरून उपाशी राहत नाही.

अमरावतीची मुलगी चांगली वाटली. शिकलेली आहे, फोटोत उगाच हसत नाही. पण सध्या 'हो' कळवू नका. माझा करार डिसेंबरात संपतो, पुढे ते वाढवतील का माहीत नाही. वाढवतीलच, तुम्ही त्याची चिंता करू नका. तिच्या घरच्यांना खोटं सांगू नका एवढंच. 'कम्प्युटरमध्ये आहे' म्हणू नका. गेम तपासतो म्हणा.

मोनूच्या साक्षगंधाचं. मी मागे म्हणालो की सुट्टी मिळत नाही. ते खरं नाही. मी मागितलीच नाही. आमचा गेम नोव्हेंबरात जायचा आहे आणि त्या आठवड्यात कोणी रजा मागत नाही, कराराच्या माणसाने तर नाहीच. मला भीती वाटली. महालक्ष्म्यांच्या दिवशी मीटिंगही नव्हती, फोन वाजत होता आणि मी पाहत होतो. उचलला असता तर मोनूने तारीख विचारली असती.

सोमवारी मागतो. चार दिवस दिले तर बर्फी बत्तीस नाही, चौतीस नग लागेल, दोन नवे लागलेत. एकेक वेगळी गुंडाळून.

तुमचा,
पंकज

ता. क. आई, कूलरमधलं पाणी काढलं का? डास होतात. बाबांना सांगू नको, ते स्वतःच वर चढतील. मोनूच्या होणाऱ्या नवऱ्याला बोलाव, त्याचंही काम तपासून घेता येईल.