लिहिणाऱ्यांना ऐकणारे कान हवेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत नुकत्याच आलेल्या एका लेखात, लेखन हे मुळातच एकट्याने करावयाचे काम असून चारचौघांत बसून कोणी लेखक होत नाही, असे मत मांडले आहे. या मताचा पूर्वार्ध मला मान्य आहे. कोरा कागद समोर असताना मदतीला कोणी येत नाही आणि येऊही नये. उत्तरार्धाविषयी मात्र, गेली साडेतीन वर्षे एका लहानशा लेखनगटात नियमाने जाणारी एक हौशी लेखिका या नात्याने, मला काही सांगावयाचे आहे. कारण असा लेख वाचून एखादी नवखी व्यक्ती गटाच्या दारापर्यंत येऊन परत फिरली, तर तिचे फार नुकसान होईल असे मला मनापासून वाटते.

गटात जाण्याआधीच्या नऊ वर्षांत मी अकरा कथा लिहावयास घेतल्या आणि त्यांतील एकही पूर्ण केली नाही. सुरुवात जमत असे. चौथ्या-पाचव्या पानावर पोहोचले की पात्रे बोलेनाशी होत, हे सगळेच फोल आहे असे वाटू लागे आणि वही कपाटात जाई. वेळ मिळत नाही, हे कारण मी इतरांना इतक्या वेळा सांगितले होते की ते मलाही खरे वाटू लागले होते. वास्तविक त्या पानांची वाट पाहणारे कोणीच नव्हते, आणि ज्याची कोणी वाट पाहत नाही असे काम रोजच्या धबडग्यात मागे पडत पडत एके दिवशी दिसेनासे होते. गटात गेल्यावर महिन्यातून दोनदा, ठरलेल्या संध्याकाळी, सात माणसे मला विचारू लागली की कथेतल्या त्या मुलीचे पुढे काय झाले. मी कोणाला वचन दिले नव्हते, न लिहिल्याबद्दल कोणी रागावणार नव्हते. तरीही रिकाम्या हाताने जाण्याचा संकोच वाटे, आणि त्या संकोचापायी मी पहाटे उठून लिहू लागले. या काळात माझ्या चार कथा पूर्ण झाल्या. त्या कोठेही छापून आलेल्या नाहीत, परंतु त्यांना शेवट आहे, आणि अकरा अर्धवट कथा सांभाळलेल्या व्यक्तीला त्याचे मोल निराळे सांगावे लागत नाही.

आमच्या गटाची पद्धत साधी आहे. एका बैठकीत तिघांचेच लेखन घ्यावयाचे, आणि ज्याचे लेखन असेल त्याने ते स्वतः वाचावयाचे नाही. दुसऱ्या कोणी तरी मोठ्याने वाचावयाचे आणि लेखकाने तोवर, व नंतरची चर्चा संपेपर्यंतही, गप्प बसावयाचे. पहिल्यांदा ही अट मला जाचक वाटली होती. आपले वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकू लागल्यावर तिच्यातले मर्म कळले. आपण वाचतो तेव्हा आपला आवाज लेखनातले खड्डे बुजवीत जातो. जेथे शब्द कमी पडले आहेत तेथे आपण स्वर लावतो, जेथे वाक्य अडखळते तेथे आपल्याला ते आधीच पाठ असते. परका वाचक मात्र प्रत्येक खड्ड्यात पडतो. माझ्या एका कथेत वडील घर सोडून जातात त्या प्रसंगी मी एक लांबलचक, अलंकारिक वाक्य लिहिले होते आणि त्याचा मला अभिमानही होता. वाचणारे गृहस्थ त्या वाक्याच्या मध्यावर थांबले, मागे गेले, पुन्हा वाचू लागले आणि पुन्हा त्याच ठिकाणी थांबले. कोणी काहीच बोलले नाही. मी पेन्सिलने ते सबंध वाक्य खोडले. उरले ते एवढेच, की त्यांनी चपला हातात घेतल्या आणि जिना उतरून गेले. एखाद्या जाणकाराने तासभर समजावून सांगितले असते तरी मी ते वाक्य सोडले नसते, असे आज मला वाटते.

एका सदस्येविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. त्या बाई पहिल्या तीन बैठकींना आल्या आणि एक शब्दही न बोलता ऐकत बसल्या. चौथ्या बैठकीत, सगळे उठण्याच्या बेतात असताना, त्यांनी पिशवीतून हिशेबाच्या वहीचे फाडलेले एक पान काढले; एका बाजूला बेरजा-वजाबाक्या होत्या, दुसऱ्या बाजूला पेन्सिलने, ओळींमध्ये जागा न सोडता, आईच्या आजारपणाविषयी वीस-बावीस ओळी लिहिलेल्या होत्या. घड्या पडून पडून कागद मध्यभागी विरला होता, म्हणजे तो कित्येक दिवस पिशवीत होता. वाचन झाल्यावर एकाने केवळ इतके विचारले, ‘‘आईच्या हातातली ती बांगडी नंतर कोणाकडे गेली?’’ बाईंनी त्याचे उत्तर दिले नाही. पुढच्या बैठकीला त्या त्याचे उत्तर लिहूनच घेऊन आल्या, आणि आज त्यांच्याजवळ आईवरची जवळपास साठ पाने आहेत. स्तुतीने हे झाले नसते. आपण लिहिलेले कोणाला तरी पुढे ऐकावयाचे आहे, हे कळल्यामुळे ते झाले.

एकत्र बसण्याचा हा रिवाज नवा नाही. आपल्याकडे 1923 मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या रविकिरण मंडळातील कवी एकत्र जमत, आपल्या कविता एकमेकांना ऐकवीत, आणि पुढे त्यांच्यातील काहींनी काव्यगायन थेट श्रोत्यांपर्यंत नेले. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड येथे 1930 ते 1950 च्या दरम्यान ‘इंक्लिंग्ज’ नावाने ओळखली जाणारी मित्रमंडळी गुरुवारी संध्याकाळी लेखक सी. एस. लुईस यांच्या महाविद्यालयातील खोलीत जमून आपापले कच्चे खर्डे वाचून दाखवीत असत. जे. आर. आर. टोल्किन यांनी 1937 मध्ये लिहावयास घेतलेली आणि 1954-55 मध्ये प्रकाशित झालेली ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही प्रदीर्घ कादंबरी तेथेच प्रकरणाप्रकरणाने वाचली गेली. लुईस यांच्याकडून आपल्याला जे मिळाले ते निखळ प्रोत्साहन होते आणि त्यावाचून आपण ही कादंबरी पूर्ण करू शकलो नसतो, असे टोल्किन यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे. एवढ्या ताकदीच्या लेखकालाही कोणी तरी ऐकत राहण्याची गरज भासली, याकडे आपल्या पुरवणीतील त्या लेखाच्या लेखकमहाशयांचे लक्ष वेधावेसे वाटते.

अर्थात गट म्हणजे सगळे चांगलेच, असे मी म्हणणार नाही. याच ऑक्सफर्डच्या मंडळीत एका सदस्याला ती कादंबरी मुळीच रुचत नसे, आणि त्याच्या उघड नापसंतीमुळे तो हजर असताना तिचे वाचन थांबवावे लागले होते. असा एक जण कोणत्याही गटात निघू शकतो. मी स्वतः यापूर्वी एका गटात गेले होते. तेथे एक वडीलधारे गृहस्थ प्रत्येकाचे लेखन आपल्या पद्धतीने पुन्हा लिहून दाखवीत, त्यामुळे वर्षभरात सगळ्यांच्या कथा एकाच माणसाने लिहिल्यासारख्या होऊ लागल्या होत्या. मी तो गट सोडला. याच्या उलट प्रकार म्हणजे एकमेकांची पाठ थोपटणारी मंडळी; तेथे प्रत्येक कविता ‘अप्रतिम’ असते आणि कोणाचीही कविता सुधारत नाही. माझ्या मते दुसरा प्रकार अधिक घातक आहे, कारण पहिल्यातून माणूस दुखावून का होईना, पण बाहेर पडतो. दुसऱ्यात तो वर्षानुवर्षे सुखाने बसून राहतो. आमच्याकडे यावर उपाय म्हणून ‘छान आहे’ किंवा ‘जमले नाही’ हे दोन्ही शेरे वर्ज्य केले आहेत. काय लक्षात राहिले आणि कोठे आपले लक्ष सुटले, एवढेच सांगावयाचे. ऐकणाऱ्यांची संख्याही आठाच्या पुढे जाऊ द्यावयाची नाही, कारण गर्दी झाली की वाचन मागे पडते आणि भाषणे सुरू होतात.

सोबतीविषयी थोडे. आमच्या गटातील माणसांत वयाचे, शिक्षणाचे आणि मतांचे इतके अंतर आहे की एरवी आमची गाठ पडण्याचे कारणच नव्हते. एकमेकांच्या घरची माणसे आम्ही फारशी ओळखत नाही. परंतु मागच्या वर्षी एका सदस्याच्या पत्नीचे निधन झाले तेव्हा त्यांनी दोन महिन्यांनी गटात येऊन सांगितले, की घरी भेटायला येणाऱ्यांपाशी बोलता येत नाही, येथे निदान कोणी समजूत घालीत नाही. त्या दिवशी त्यांनी काही वाचले नाही. आम्ही इतर दोघांचे लेखन ऐकले, नेहमीसारखी चर्चा केली, आणि ते शेवटपर्यंत बसून राहिले.

म्हणून आपल्याला एक विनंती आहे. गट सुरू करावयाची इच्छा अनेकांना असते. अडते ते जागेपाशी आणि एकमेकांचा पत्ता लागण्यापाशी. सार्वजनिक ग्रंथालयांचे वाचनकक्ष संध्याकाळी बरेचदा रिकामे असतात. पंधरा दिवसांतून दोन तास एक टेबल आणि आठ खुर्च्या कोणत्याही ग्रंथपालाला देता येण्याजोग्या आहेत, आणि आपल्या दैनिकाने त्यांना तसे जाहीर आवाहन केले तर त्याचा निश्चित उपयोग होईल. त्याचबरोबर स्थानिक कार्यक्रमांच्या सदरात अशा बैठकींची वार, वेळ आणि जागा सांगणारी दोन ओळींची सूचना विनामूल्य छापता येईल का, याचाही आपण विचार करावा. आमच्या गटात सध्या एक जागा रिकामी आहे. तिची सूचना सर्वप्रथम पाठविण्यास मी तयार आहे.

आपली,
एक नियमित वाचक