टाकणखार विकणारा साहेब

कोपरी, ठाणे (पूर्व)

प्रिय बंड्या,

तुझं पत्र मिळालं. उपाध्यक्षाची खुर्ची सोडायची, सरकारात कंत्राटी सल्लागार व्हायचं, पगार निम्म्याहून कमी, काम खाडीकाठच्या आणि डोंगराच्या जमिनी राखायचं. आणि वर मलाच विचारतोस, ‘वेडेपणा आहे का रे?’ वहिनींचं मत लिहिलं नाहीस, त्यावरून ते काय असेल ते कळलंच. मी महसूल खात्यात हयात घालवलेला माणूस. असल्या फाइलीवर आम्ही शेरा मारायचो, ‘चर्चा करावी’. तेव्हा करू चर्चा.

तुझ्याआधी असाच एक विक्रीवाला सरकारात शिरला होता, अमेरिकेत. स्टीफन मेदर. बोरॅक्स, म्हणजे आपला टाकणखार, विकून लक्षाधीश झालेला. वीस खेचरांच्या गाडीचं चित्र घेऊन त्या मालाची जी जाहिरात गाजली, तिच्यामागे हाच होता. १९१४ मध्ये तो तिथल्या राष्ट्रीय उद्यानांत हिंडला, रस्ते आणि व्यवस्था बघून भडकला आणि अंतर्गत व्यवहार खात्याचे मंत्री लेन यांना तक्रारीचं पत्र ठोकलं. पसंत नसेल तर वॉशिंग्टनला येऊन स्वतःच चालवा, असं उत्तर आलं म्हणतात. गोष्ट मीठमसाला लावलेली असेल, पण १९१५ च्या जानेवारीत तो खरंच हजर झाला. पगार वर्षाला २,७५० डॉलर.

पुढचं वाचताना मला तूच दिसत होतास. योसेमिटी उद्यानातून जाणारा टिओगा रस्ता खासगी मालकीचा होता. याने स्वतःचे आणि मित्रांचे पैसे घालून तो विकत घेतला आणि सरकारला देऊ केला. पण सरकारला दान घ्यायलासुद्धा आधी कायद्यात सोय करून घ्यावी लागली! माझ्यासारख्या माणसाला हे वाचून जो आनंद झाला, तो तुला कळायचा नाही. प्रचारासाठी आणलेल्या पत्रकाराचा पगारही तो स्वतःच्या खिशातून भरायचा. खासदार, संपादक, रेल्वेवाले यांना डोंगरात नेऊन उत्तम जेवू घालायचा. २५ ऑगस्ट १९१६ ला राष्ट्रीय उद्यान सेवेचा कायदा झाला आणि हा तिचा पहिला संचालक. १९२५ मध्ये ग्लेशियर उद्यानात रेल्वे कंपनीची लाकूड कापायची गिरणी सांगूनही हलेना, तेव्हा साहेबांनी सुरुंग लावून ती उडवली. हे मात्र तू करू नकोस. आपल्याकडे आधी पंचनामा लागतो.

पण बंड्या, माझा जीव अडकला तो दुसऱ्याच ठिकाणी. कायदा झाल्यावर काही महिन्यांतच, १९१७ च्या सुरुवातीला, मेदर मानसिक आजाराने कोसळला. जुनंच दुखणं होतं. तरी खातं थांबलं नाही, कारण होरेस ऑलब्राइट नावाच्या तरुण वकिलाला त्याने हाताशी धरून तयार केलं होतं. त्याने कारभार सांभाळला, आणि १९२९ मध्ये संचालकही तोच झाला. तू कंपनीत माणसं तयार केलीस हे मला माहीत आहे. इथेही तेच कर. सादरीकरणं कमी दाखव.

आता आपल्याकडचं. जमीन वाचते ती कागदावर. १९५० च्या दशकात खासगी जमीनमालकांना वन कायद्याच्या कलम ३५ खाली नोटिसा निघाल्या. पुढे चौकशी नाही, अंतिम अधिसूचना नाही. १९७५ ला खासगी वनं संपादन करायचा कायदा झाला, तरी बऱ्याच फाइली तशाच. मधल्या काळात मुलुंडला इमारती उठल्या, लोकांनी कर्ज काढून घरं घेतली, आणि मग उताऱ्यावर वनाची नोंद! हजारो कुटुंबांचे व्यवहार अडकले. शेवटी जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नुसती नोटीस निघाली म्हणून जमीन वन होत नाही. जंगलही गेलं आणि लोकांची झोपही गेली, का, तर कुणीतरी एक टप्पा पुरा केला नाही. कांदळवनांचंही पाहा. तोड आणि भराव थांबवा, सरकारी जमिनीवरची कांदळवनं संरक्षित वन करा, असं उच्च न्यायालयाने २००५ ला सांगितलं. प्रत्यक्ष ताबा वनखात्याकडे जाता जाता वर्षानुवर्षं गेली. सर्व्हे नंबर, मोजणी, हद्दीचे दगड, ताबा पावती. तुमच्या भाषेत याला ‘एक्झिक्यूशन’ म्हणत असतील, पण तिमाहीच्या हिशेबात ते बसत नाही.

आणि कुंपण घातलं की पाणथळ वाचली, असंही नाही. नवी मुंबईत डीपीएस शाळेमागच्या तलावात भरतीचं पाणी यायची वाट बंद झाली आणि २०२४ मध्ये तिथल्या रोहित पक्ष्यांची काय दैना झाली ते तू वर्तमानपत्रात वाचलंच असशील. तिथे प्रश्न एका नळाचा होता. कुणाच्या हद्दीत तो येतो, कुणी साफ करायचा? २०१५ ला ठाणे खाडीचं अभयारण्य झालं, २०२२ ला आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून रामसरचा मान मिळाला, फार चांगलं. तरी पाण्याला वाट ही लागतेच.

एका बाबतीत मात्र मेदरकडून शिकू नकोस. ग्लेशियरचा पूर्वेकडचा डोंगर १८९५ च्या करारापर्यंत ब्लॅकफीट आदिवासींचा होता. पाहुण्यांसाठी हॉटेलं झाली आणि मूळची माणसं देखाव्यापुरती उरली. आपल्या येऊरच्या डोंगरात पाटोणपाडा, जांभूळपाडा असे आदिवासी पाडे आहेत. खाडीत चेंदणीच्या कोळ्यांची जाळी पडत आली आहेत. नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी घेतल्या तेव्हा नकाशावर सगळं मोकळंच दिसत होतं. जानेवारी १९८४ ला दि. बा. पाटलांच्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच माणसं गेली, तेव्हा कुठे साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायचं बोलणं पुढे सरकलं. तुझ्या नकाशावर हिरवा रंग भरण्याआधी तिथे कोण राहतं ते बघून ये. वनहक्क कायदा, २००६ चा, पूर्ण वाच. सारांश नको.

तर माझं मत असं की जा. पैशाची तुला ददात नाही, मुलं मार्गी लागली आहेत, आणि तू घरी बसलास तर वहिनींचेच हाल होतील. पण सही करण्याआधी कराराचा मसुदा मला पाठव. सल्लागाराला मूळ फाइल बघायचा अधिकार आहे का, की फक्त टिपणी लिहून द्यायची, हे त्यात स्पष्ट असायला हवं. मुदतवाढ कोण देणार, तेही. आणि तलाठी, भूकरमापक यांना पहिल्याच आठवड्यात स्वतः जाऊन भेट. त्यांना केबिनमध्ये बोलावू नकोस.

रविवारी सकाळी ये. येऊरला जाऊ, तिथे एक जुना वनरक्षक माझ्या ओळखीचा आहे, त्याच्याशी तुझी गाठ घालून देतो. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
नाना