फणसोंब्याला कसे विसरलात?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार. पुरवणीतला औषधी मशरूमवरचा लेख वाचला. रेशी आलं, शिताके आलं, कॉर्डिसेप्स आलं, लेखकमहाशय पार चीन-जपान फिरून आले पण आपल्या कोकणात फणसाच्या झाडावर फणसोंबा म्हणून प्रकार वाढतो त्याचं नावसुद्धा नाही म्हणजे कमाल आहे! म्हणून हे लिहितोय, जरा लांबलं तर कात्री लावा.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो. फणसोंबा म्हणजे फणसावरचं अळंबं, पण पावसाळ्यात भाजीला आणतो तसलं मऊ छत्रीवालं डोक्यात आणू नका, हे लाकडासारखं टणक असतं आणि झाडाच्या खोडाला घोड्याचा खूर चिकटवल्यासारखं दिसतं. वरून काळपट, भेगाळलेलं, फोडलं की आत तांबूस तपकिरी. बुरशीच्या फेलिनस गटातलं हे, दरवर्षी खालच्या बाजूने नवा थर धरतं त्यामुळे उभं कापलं तर थरावर थर मोजता येतात. खोडाचं लाकूड आतून कुजवून त्यावर ते जगतं, म्हणून कोवळ्या झाडावर शोधत बसू नका, जुनंच झाड लागतं.

आमच्याकडे आजीच्या डब्यात वेखंड, मुरुडशेंग, जायफळ असायचं त्यातच फणसोंब्याचा एक तुकडा असायचा, एका बाजूने उगाळून उगाळून गुळगुळीत झालेला. पोराचं तोंड आलं किंवा लाळ फार गळायला लागली की सहाणेवर पाण्याचे चार थेंब, दोन-तीन वेढे उगाळायचे आणि तो तांबडट लेप बोटाने हिरड्यांना नि जिभेला लावायचा. तुरट इतका की पोर तोंड वेडंवाकडं करायचं आणि आम्ही बाकीचे हसायचो. जुलाब होत असले तर हेच चाटण थोडं पोटात पण द्यायचे. वैदू लोकही यासाठीच वापरत आलेत.

आता गुण किती खरा? माझं मत सांगतो, पटलं नाही तर सोडून द्या. तुरट वस्तू लावली की तोंडातली कातडी आवळते, बरं वाटतं, एवढं समजण्यासारखं आहे, पण तोंड आलेलं साधारण आठ-दहा दिवसांत तसंही बरं होतं आणि दात येताना गळणारी लाळ आपोआप थांबते, मग श्रेय फणसोंब्याला की दिवसांना? आजीला हे विचारायची हिंमत कोणाची होती म्हणा. जुलाबाला मात्र आज मी फक्त उगाळून देणार नाही, आधी ओआरएस, आणि शौचातून रक्त, ताप किंवा पोर मलूल पडलं तर सरळ डॉक्टर.

संशोधन झालंच नाही असं नाही. त्रिशूरच्या अमला कॅन्सर संशोधन केंद्रात फणसावरच्याच फेलिनसचा अर्क घेऊन उंदरांवर प्रयोग झालेत, गाठी कमी झाल्याचं दिसलं. कोरिया-चीनमध्ये याच्याच भावकीतलं तुतीवर वाढणारं सांगह्वांग पूर्वीपासून औषधात आहे. पण उंदीर तो उंदीर. तुमच्या लेखात ज्या रेशीला कॅन्सरवर रामबाण म्हटलंय त्याच्या माणसांवरच्या चाचण्यांचा कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने 2012 साली आढावा घेतला, मिळून 5 चाचण्या आणि 373 पेशंट, निष्कर्ष असा की मूळ उपचार म्हणून वापरावं असा पुरावा नाही, फार तर केमो-रेडिएशनच्या जोडीला विचार करता येईल. एवढा बोलबाला असलेल्या रेशीची ही गत, तर फणसोंब्याने कॅन्सर बरा होतो असे जे मेसेज फिरतात त्यांना काय अर्थ आहे तुम्हीच सांगा. आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असणाऱ्यांनी रेशीच्या कॅप्सूल डॉक्टरला न विचारता घेऊ नयेत हे एक वाक्य तरी लेखात हवं होतं.

अजून एक. मध्ये हौसेने फणसोंब्याची पावडर ऑनलाइन मागवली, कंपनीचं नाव नको. डबा उघडला तर पिवळट भुसा, आता फणसाच्या लाकडाचा भुसापण पिवळाच असतो, मग हे काय आहे ते कसं ओळखायचं? वासही नाही, चवीला तुरटपणा जवळपास नाही. टाकून दिली. ही वस्तू अख्खी, फोडून दाखवलेलीच घ्यावी आणि ती पण जाणकाराला दाखवून, कारण झाडांवर अशी दिसणारी इतर अळंबी ढीगभर असतात.

पुढे कधी यावर लेख केलात तर फोटो नुसता वरून काढलेला छापू नका, वरून सगळी सारखीच काळी दिसतात. खालची बारीक छिद्रांची बाजू आणि मधून कापलेले थर दाखवा.

आपला,
एक जुना वाचक