क्रूथची सपाट घोडी आणि वेल्सचे जुने संगीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत वेल्सच्या संगीतपरंपरेवरील लेख वाचला. मराठी वृत्तपत्राने या विषयाला पानभर जागा दिली, याबद्दल मनापासून आभार. पण लेखात ‘प्राचीन’ म्हणून ज्या तीन गोष्टी पुढे केल्या आहेत, त्यांतली एकही प्राचीन नाही. पुरुषांची समूहगान मंडळे एकोणिसाव्या शतकात, प्रार्थनामंदिरांच्या आणि कोळसाखाणींच्या वस्त्यांत वाढली. तारांच्या तीन ओळींचा हार्प मूळचा इटलीचा. तो सतराव्या शतकात लंडनमधल्या वेल्श वादकांच्या हाती आला. पांढऱ्या झग्यांतल्या ‘द्रुइड’ (प्राचीन केल्टिक पुरोहित) कवींचा सोहळा तर योलो मॉर्गनूग या वेल्श कवीने 1792 साली लंडनच्या प्रिमरोझ हिलवर स्वतःच्या कल्पनेतून उभा केला. आइस्तेद्वोद या स्पर्धा-उत्सवाला तो 1819 मध्ये जोडला गेला. या तिन्हींचे मोल आहेच. मात्र त्याआधीच्या संगीताची चांगली लेखी नोंद असताना त्याबद्दल लेखात एक ओळही असू नये, याची खंत वाटते.

हवेल दा या राजाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वेल्श कायद्यांत वाद्यांच्या किमती ठरवून दिल्या आहेत. राजाचा हार्प आणि ‘पेनकेर्द’ म्हणजे प्रमुख कलावंताचा हार्प प्रत्येकी 120 पेनी, सरदाराचा 60. तारा जुळवायच्या किल्लीची किंमत वेगळी: पहिल्या दोघांची 24, सरदाराची 12. बाराव्या शतकाच्या अखेरीस गिराल्डस कांब्रेन्सिस या धर्मगुरूने वेल्सची वाद्ये तीन सांगितली: हार्प, फुंकवाद्य आणि गजाने वाजवायचे तंतुवाद्य क्रूथ. वेल्श लोक एका सुरात न गाता अनेक सुरांत गातात, असेही तो लिहितो. या वाक्यावरून आजच्या समूहगान मंडळांचे मूळ शोधण्याचा मोह अनेकांना होतो, तो टाळावा. त्या गायनाची स्वरलिपी उरलेली नाही आणि आजच्या मंडळांची घडण फार पुढची आहे. 1176 मध्ये रिस या राजाने कार्डिगनच्या किल्ल्यात स्पर्धा भरवली, तिची घोषणा वर्षभर आधी झाली होती. कवींसाठी एक आणि वादकांसाठी एक अशी दोन मानाची आसने होती. काव्यात उत्तरेचा ग्विनेद प्रांत जिंकला, वादनात रिसच्याच दरबारातला तरुण.

आता क्रूथविषयी. लेखात त्याला ‘व्हायोलिनचा पूर्वज’ म्हणून एका ओळीत उरकले आहे. क्रूथ हा गजाने वाजवायचा लायर, म्हणजे चौकटीत तारा ताणलेले वाद्य, आहे. पेटी आणि चौकट लाकडाच्या एकाच ठोकळ्यातून कोरतात आणि वर पातळ फळी बसवतात. एकूण लांबी दोन फुटांहून थोडी कमी. तारा सहा, तातीच्या, म्हणजे जनावराच्या आतड्याच्या. चार तारा बोटे दाबायच्या पट्टीवरून जातात, दोन पट्टीच्या बाहेरून, आणि त्या बाहेरच्या दोन डाव्या अंगठ्याने छेडता येतात. वेल्श हार्पवादक एडवर्ड जोन्स यांनी 1784 मध्ये नोंदवलेली जुळवणी आपल्या सरगमात सांगायची तर अशी: बाहेरच्या दोन तारा मंद्र आणि मध्य पंचम, मग तार षड्ज, मध्य षड्ज, मध्य रिषभ, तार रिषभ. म्हणजे तीन जोड्या, आणि प्रत्येक जोडीत एका सप्तकाचे अंतर.

सगळी गंमत घोडीत, म्हणजे तारा पेटीवर उचलून धरणाऱ्या लाकडी तुकड्यात, आहे. क्रूथची घोडी जवळजवळ सपाट असते, त्यामुळे गज एका वेळी अनेक तारांवरून फिरतो आणि सुरावटीबरोबर स्थिर स्वर सतत घुमत राहतात. घोडीचा एक पाय वरच्या फळीवर टेकतो. दुसरा लांब असतो, तो गोल भोकातून आत जाऊन थेट पाठीच्या लाकडावर उभा राहतो. तारांची कंपने एकाच वेळी पुढच्या आणि मागच्या फळीला मिळतात ती या पायामुळे. नवे वाद्य घडवणारे इथेच चुकतात. लांब पाय जरा आखूड झाला तर पाठ मुकी राहते आणि आवाज कोरडा येतो. जास्त लांब झाला तर दुसरा पाय फळीवरून उचलला जातो आणि घोडी डुगडुगते. आणखी मोठी चूक म्हणजे व्हायोलिनसारखी कमानदार घोडी बसवणे. तसे केले की गज एकेक तार सुटी वाजवतो, जोड्यांची जुळवणी निरर्थक ठरते आणि हाती उरते ते केवळ अवघड हाताळणीचे व्हायोलिन. पोलादी ताराही चढवू नयेत, हलक्या पेटीला तो ताण झेपत नाही.

हार्पची गोष्ट याहून समृद्ध आहे, कारण तिथे प्रत्यक्ष संगीत कागदावर उरले आहे. अँगलसी बेटावरच्या रॉबर्ट आप ह्यू या हार्पवादकाने 1613 च्या सुमारास एक वही उतरवली. तिचा काही भाग विल्यम पेनलिन या हार्पवादकाच्या आणखी जुन्या वहीवरून घेतलेला आहे. हार्पसाठीची युरोपातली ही सर्वांत जुनी स्वरलिपी मानली जाते आणि आज ती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. स्वर अक्षरांनी लिहिले आहेत, वरच्या हाताचे वर आणि खालच्या हाताचे खाली. तिच्यातल्या वादनकलेचे नाव ‘केर्द दान्त’, म्हणजे तारांची कला. आज याच नावाने हार्पच्या साथीवर कविता गातात. तो प्रकार वेगळा, त्याची सरमिसळ नको.

या कलेचा गाभा 24 मापांत आहे. प्रत्येक माप दोन स्वरसमूहांच्या ठरलेल्या क्रमाने बनते. एक स्थिर, त्याची खूण 1, आणि दुसरा त्याच्यापासून ओढून नेणारा, त्याची खूण 0. ‘माक अ मून हीर’ हे माप असे: 1111 0000 1010 1111 0000 1011. मराठी वाचकाला खाली-भरी आठवेल, पण ती तालातली गोष्ट आहे. इथे बदलतो तो स्वरांचा गट, आणि वादक त्या क्रमावर बोटांची नक्षी विणत जातो. वहीत बोटांच्या हालचालींचा तक्ताच दिला आहे, त्यांत ‘मधमाशीची वेणी’, ‘अंगठ्याची दाब’, ‘नखाची पाठ’ अशी नावे येतात. त्यावरून दोन गोष्टी कळतात. वादन नखांनी होत असे, आणि कोणती तार कधी थोपवायची हे छेडण्याइतकेच महत्त्वाचे होते. तारा थोपवल्या नाहीत तर 1 चे स्वर 0 मध्ये सांडतात आणि मापाचा आकारच पुसला जातो. आधुनिक मोठ्या हार्पवर, बोटांच्या मऊ टोकांनी हे संगीत वाजवले की धूसर ऐकू येते ते यामुळेच. त्या काळचा हार्प लहान, तारांची एकच ओळ असलेला. अनेक हार्पांत तारेच्या बुडाशी लाकडी वाकड्या खुंट्या असत. त्या तारेला हलकेच टेकून झणझणाट काढत. तंबोऱ्याच्या जवारीवर पोसलेल्या कानाला तो आवाज परका वाटणार नाही. मध्ययुगीन वेल्श काव्यात घोड्याच्या केसांच्या तारांची स्तुती आणि तातीच्या हार्पची निंदाही सापडते.

वहीत लयीच्या खुणा स्पष्ट नाहीत, म्हणून दोन वादकांचे वाचन जुळत नाही. वाचकांनी एकाच ध्वनिमुद्रणावर समाधान मानू नये.

क्रूथ मागे पडले ते वादक संपल्यामुळे. पुरातत्त्वाचे अभ्यासक डेन्स बॅरिंग्टन यांनी 1770 मध्ये अँगलसीतल्या न्यूबरो गावच्या 59 वर्षांच्या जॉन मॉर्गन यांची नोंद केली, तेव्हा त्यांची विद्या पुढे घेणारा कोणी नव्हता. सरदारांच्या घरचा आश्रय आटला होता आणि नाचगाण्याला फिडल (लोकसंगीतातले व्हायोलिन) सोयीचे पडत होते.

एक विनंती. लेखासोबत छापलेल्या चित्रात तीन ओळींचा हार्प असून त्याखाली ‘प्राचीन वेल्श हार्प’ असे लिहिले आहे. तेवढी दुरुस्ती छापावी. पुढे चित्र हवेच असेल तर कार्डिफजवळच्या सेंट फॅगन्स संग्रहालयातल्या, रिचर्ड एव्हान्स यांनी 1742 मध्ये घडवलेल्या क्रूथचे द्यावे, आणि त्यात घोडीचा भोकात शिरलेला पाय दिसेल असे.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे