पोपटीला जाताना

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

शनिवारी वहाळला मित्राच्या घरी पोपटीचं, म्हणजे मडक्यात भाजलेल्या शेंगांच्या जेवणाचं, बोलावणं आहे, हे ऐकून फार बरं वाटलं. उलव्यात राहायला गेल्यापासून पहिल्यांदा तुला कुणी गावातल्या घरी, परसात बोलावलंय. हॉटेलातल्या पार्टीला जातोस तसा जाऊ नकोस.

आधी आज रात्रीच त्याला फोन कर आणि सांग, तुम्ही किती जण येताय आणि कोण काय खात नाही. माझं माहेर अलिबागचं, म्हणून एवढ्या आग्रहाने सांगते. मडक्यात भांबुर्ड्याचा (रानात उगवणाऱ्या वासाच्या झुडपाचा) पाला, वालाच्या शेंगा, ओवा, जाडं मीठ, बटाटे, अंडी, केळीच्या पानात बांधलेलं चिकन, असे थर लागतात. तेल नाही, पाणी नाही. वरून पाल्याने तोंड बंद करून मडकं उपडं ठेवतात आणि भोवती पेंढा, गोवऱ्या, काटक्या पेटवतात. त्यानंतर आत काही घालता येत नाही की काढता येत नाही. तुझा रूममेट अंडंही खात नाही, म्हणजे त्याच्यासाठी वेगळं मडकं लागणार. ते काकींना, म्हणजे मित्राच्या आईला, तुम्ही तिथे पोचल्यावर कळलं तर बिचाऱ्या ओशाळतील. आणि मार्गशीर्ष चालू आहे. त्यांच्याकडे कुणी महिनाभर पाळत असेल तर चिकन नसेलही. का नाही, ते विचारायचं नाही. आयत्या वेळी आणखी दोघांना बरोबर नेणं तर अजिबात नको.

बाटली नेऊ नकोस. आजींसाठी संत्री ने, लहान मुलांसाठी चिक्की.

जेवायच्या वेळेला नाही, उजेड असताना जा. शेंगा निवडायच्या असतात, पाला धुवायचा असतो, तिथे हात लाव. कच्च्या चिकनची परात धुतल्याशिवाय दुसऱ्या कशाला घेऊ नकोस. जाळ मात्र त्यांच्याकडे राहू दे. काठीने ढोसलंस आणि मडकं कललं, तर राख आत जाते. मडक्यावर पाणी शिंपडून चर्र वाजलं की झालं, हे घरातलं जाणतं माणूस ठरवतं. अर्धा-पाऊण तास लागतो, तेवढा वेळ मोबाइल खिशात ठेवून माणसांशी बोल. चिकन हाडाजवळ कच्चं लागलं तर चारचौघांत नाक मुरडू नकोस, काकींना हळूच सांग.

एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. त्या परसात बसून 'इथे टॉवर झाला तर काय भाव येईल' असलं बोलणं काढू नकोस, दुसऱ्याने काढलं तर विषय बदल. भात कापल्यावर त्याच शेतात, उरलेल्या ओलीवर वाल पेरायचा, ही आपल्याकडची जुनी पद्धत. १९७० मध्ये सिडको, म्हणजे शहर वसवणारी सरकारी कंपनी, आली, नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या, आणि जिथे शेत उरलं नाही तिथे शेंगाही बाजारातून आणायची वेळ आली. जानेवारी १९८४ मध्ये शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली योग्य मोबदल्यासाठी आंदोलन झालं, तेव्हा जासई-नवघर भागात गोळीबारात पाच जण गेले. जासई वहाळपासून लांब नाही. आजींच्या डोळ्यांदेखत घडलेलं असेल. त्यांनी आपणहून विषय काढला तर जवळ बसून ऐक, मध्ये बोलू नकोस.

सुती कपडे घाल, ठिणग्या उडतात. बाइक गल्लीत आडवी लावू नकोस. रात्री मोठ्याने गाणी नकोत, शेजारी घराला घर लागून आहे.

निघण्याआधी सालं, पाला गोळा कर, विस्तवावर मारायला पाण्याची बादली भरून दे. आजींच्या पाया पड. काकी डबा भरून देतील, नाही म्हणू नकोस. तो डबा रिकामा परत जाता कामा नये. शुक्रवारी बाबा बेलापूरला येणार आहेत, त्यांच्याबरोबर तिळाचे लाडू पाठवते, ते त्यात भरून दे.

तुझी,
आई